वाघोबा, अजगर आणि कायदा

२०२५ सालच्या जून महिन्याच्या पहिल्याच दिवसांत मुंबईच्या विमानतळावरील एक बातमी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. थायलंडहून परत आलेल्या एका उतारूच्या सामानांत जकात अधिकाऱ्यांना ४७ विषारी साप आढळले. त्यांपैकीं ४४ इंडोनेशियांतील चापड्याच्या जातीचे होते. उरलेले तीन इराणच्या डोंगरांत राहणाऱ्या एका विलक्षण सापाच्या जातीचे होते. या सापाच्या शेपटीचें टोक हुबेहुब कोळ्यासारखें दिसतें, आणि त्या बनावट कोळ्याला भुलून जवळ येणाऱ्या पक्ष्याला तो गट्ट करतो. निसर्गाचें हें कौतुक इराणच्या खडकांत शोभून दिसतें. तें एखाद्या उतारूच्या सामानांतून मुंबईस यावें, यांत कौतुक कमी आणि काळजी अधिक आहे.

हें सामान तपासणींतून सुटलें असतें, तर ते साप कोठें गेले असते? रानांत खास नव्हे. ते एखाद्या उंच इमारतींतील खोलींत, कांचेच्या पेट्यांतून, कोणा हौशी गृहस्थाच्या ताब्यांत राहिले असते. शेजाऱ्याच्या मुलांत आणि त्या विषांत अंतर राहिलें असतें तें एका कांचेचें आणि मालकाच्या स्मरणशक्तीचें. दुर्दैवानें दंश झालाच असता, तर रुग्णालयाचाही फारसा आधार मिळाला नसता. आपल्याकडे मिळणारें सर्पविषावरील औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चार देशी सापांच्या विषावर तयार केलेलें असतें. परदेशच्या सापाच्या विषावर तें लागू पडेल, अशी हमी कोणी डॉक्टर देऊं शकत नाहीं.

अशा वेळीं एक प्रश्न नेहमीं पुढें येतो. घर माझें, पैसा माझा, हौस माझी. मी साप पाळावा कीं सिंह पाळावा, हें मला सांगणारें सरकार कोण? प्रश्न थोडा उर्मट वाटला, तरी तो टाकून देण्याजोगा नाहीं. साप-सरडे पाळणाऱ्यांत अत्यंत दक्ष आणि अभ्यासू माणसें असतात, आणि या प्राण्यांचें खाणें, ऊब, अंडीं आणि आजार यांविषयींचें पुष्कळसें ज्ञान अशा हौशी माणसांनींच मिळविलेलें आहे. म्हणून कायद्यानें कोणाच्या घरांत डोकावावयाचें असेल, तर त्याला सबळ कारण दाखवितां आलें पाहिजे. निरनिराळ्या देशांनीं तें कसें शोधलें, कोठें ते चुकले आणि त्या चुकांतून आपल्याला काय घेतां येईल, हें आज पाहावयाचें आहे. या कायद्यांचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट ठळकपणें दिसते. त्यांची खरी परीक्षा पिंजऱ्याचें दार बंद असतांना होत नाहीं. मालक थकतो आणि तें दार उघडण्याची पाळी येते, तेव्हां होते.

‘वाघ म्हटलें तरी खातो आणि वाघोबा म्हटलें तरी खातो’ अशी आपल्याकडे म्हण आहे. इंग्लंडच्या न्यायालयांनीं हेंच तत्त्व आपल्या निवाड्यांतून निराळ्या भाषेंत सांगितलें. ते जनावरांचे दोन वर्ग मानीत. कुत्रा, घोडा, गाय हीं जातीनें निरुपद्रवी. त्यांतलें एखादें द्वाड निघालें आणि धन्याला तें आधीं ठाऊक असलें, तरच धनी जबाबदार. वाघ, सिंह, अस्वल, हत्ती यांची जातच धोक्याची. त्यांनीं कोणास इजा केली, तर धन्यानें भरपाई दिलीच पाहिजे, मग त्यानें कितीही काळजी घेतलेली असो.

या नियमाचें एक मासलेवाईक उदाहरण १९५७ सालच्या निकालांत सांपडतें. लंडनमध्यें बर्ट्रम मिल्स यांची सर्कस चालूं होती. ब्रह्मदेशच्या हत्तिणी खेळासाठीं रांगेनें निघाल्या असतां एक लहानसें कुत्रें त्यांच्यावर भुंकलें. एक हत्तीण बिथरून त्याच्या मागें वळली, वाटेंतली एक खोपटी कोसळली आणि आंतल्या बाईला दुखापत झाली. हत्तीण पूर्णपणें माणसाळलेली होती, आणि तिच्यापासून गायीहून अधिक धोका नव्हता, हें न्यायमूर्ति डेव्हलिन यांनीं मान्य केलें. तरीही भरपाई सर्कशीच्या मालकांवरच बसली. कायदा एका हत्तिणीचा स्वभाव पाहत नाहीं, हत्तीची जात पाहतो. १९७१ सालीं ब्रिटनमध्यें जनावरांपासून होणाऱ्या नुकसानीविषयीं नवा कायदा झाला, त्यांतही हें तत्त्व मूळ स्वरूपांत कायम राहिलें.

या नियमांत न्याय आहे, परंतु तो उशिराचा न्याय आहे. हात गेल्यावर हाताची किंमत मिळते. हात जाऊं नये म्हणून कोणी कांहीं करीत नाहीं. शिवाय मालक निर्धन असला, तर किंमतही मिळत नाहीं. म्हणून इजा होण्याच्या आधींच हस्तक्षेप करणारा दुसरा प्रकारचा कायदा हवा, असें पुढें लोकांना वाटूं लागलें.

त्या वेळची स्थिति कशी होती, हें एका सिंहाच्या छाव्याच्या गोष्टीवरून कळेल. १९६९ सालीं लंडनच्या हॅरॉड्स या प्रसिद्ध दुकानांत सिंहाचा छावा विकत मिळत असे. दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनीं एक छावा घेतला, त्याचें नांव ख्रिश्चन ठेविलें आणि चेल्सी भागांतील एका लांकडी सामानाच्या दुकानाच्या तळघरांत त्याला वाढविलें. वर्षभरांत तो छावा राहिला नाहीं, सिंह झाला. त्याचें दैव बलवत्तर, म्हणून केनियांत सिंहांना रानाची संवय लावणाऱ्या जॉर्ज ॲडमसन यांच्याकडे त्याची रवानगी झाली आणि तो रानांत रुळला. ही कथा पुढें जगभर लोकप्रिय झाली. पण प्रत्येक छाव्याला ॲडमसन भेटत नाहीं, आणि कायदा अपवादावर रचतां येत नाहीं.

ब्रिटनच्या पार्लमेंटनें १९७६ सालीं ‘धोक्याच्या वन्य प्राण्यांचा कायदा’ संमत केला. त्याची रचना साधी आहे. कायद्याला एक यादी जोडली आहे. तींत मोठीं मांजरकुळांतील श्वापदें, अस्वलें, मगरी, अनेक विषारी साप अशा जाती आहेत. यांपैकीं प्राणी घरीं ठेवावयाचा असेल, तर स्थानिक संस्थेकडून परवाना घेतला पाहिजे. परवाना देण्यापूर्वीं पशुवैद्य जागा पाहून जातो. पिंजरा मजबूत आहे काय, प्राण्याला हिंडण्याफिरण्यास पुरेशी जागा आहे काय, आग लागल्यास त्याची व्यवस्था काय, हें सर्व तपासलें जातें. त्रयस्थास इजा झाली तर भरपाई मिळावी म्हणून विमाही उतरावा लागतो. प्राणिसंग्रहालयें, सर्कशी आणि पाळीव प्राण्यांचीं दुकानें यांना या कायद्यांतून वगळलें, कारण त्यांच्यासाठीं निराळे नियम असतात.

आश्चर्य असें कीं, या यादींत अजगराचें नांव नाहीं. यादी करणाऱ्यांनीं विष, दांत आणि नखें मोजलीं. वेटोळें मोजलें नाहीं. वीस फुटांचा अजगर ब्रिटनमध्यें या परवान्यावांचून पाळतां येतो. एखादा प्राणी धोक्याचा आहे असें म्हणतांना धोका कोणाला आणि कसला, हें आधीं ठरवावें लागतें, याची ही पहिली खूण. ती पुढें आपल्या उपयोगीं पडेल.

ब्रिटिश कायद्याचा दुसरा धडा अधिक कडू आहे. परवाना, तपासणी आणि विमा यांचा खर्च पुष्कळांना झेपणारा नव्हता. जुने मालक काय करतील, याचा विचार कायद्यानें पुरता केला नव्हता. कांहींनीं आपलीं श्वापदें रात्रीं डोंगराळ मुलखांत सोडून दिलीं, अशी बोलवा पुढें वर्षानुवर्षें चालूं राहिली. त्यांतली बरीचशी गप्पच असावी. परंतु १९८० सालीं स्कॉटलंडच्या उत्तर भागांत कॅनिक गांवाजवळ एक प्यूमा खरोखरच सांपळ्यांत सांपडली. प्यूमा हें अमेरिकेंतील श्वापद. स्कॉटलंडच्या रानांत त्याला थारा नाहीं. शिवाय ती इतकी माणसाळलेली होती कीं, ती कोणाच्या तरी हाताखालीं वाढली असावी असाच कयास बांधला गेला. परक्या प्राण्यांना मोकळें सोडणें हा ब्रिटनमध्यें सर्वसाधारण गुन्हा ठरला, तो १९८१ सालच्या कायद्यानें. म्हणजे पाळण्यावर बंधन आधीं आलें आणि सोडण्यावर बंधन पांच वर्षांनीं आलें.

मालकाच्या हातून दार उघडतें, तेव्हां काय होतें, याचें सर्वांत भयानक चित्र १८ ऑक्टोबर २०११ रोजीं अमेरिकेंतील ओहायो राज्यांत दिसलें. झेन्सव्हिल गांवाजवळ एका गृहस्थानें वाघ, सिंह, अस्वलें, लांडगे असे कितीतरी प्राणी खासगी मालमत्ता म्हणून बाळगले होते. कर्ज आणि खटले यांनीं गांजलेल्या त्या माणसानें त्या दिवशीं ५६ प्राण्यांचे पिंजरे उघडले आणि स्वतःवर गोळी झाडून घेतली. तिन्हीसांजा होत होत्या. जवळच रस्ता होता, वस्ती होती. गुंगीचें औषध देऊन एकेक जनावर पकडण्यास वेळ नव्हता आणि अंधार पडल्यावर तीं दिसलींही नसतीं. पोलिसांनीं बंदुका चालविल्या. ५६ पैकीं अवघे ६ प्राणी जिवंत हातीं लागले. मेलेल्यांत १८ वाघ आणि १७ सिंह होते. वाघ राखण्यासाठीं आपण जंगलें राखतों, गांवें हालवितों, कोट्यवधि रुपये खर्च करतों. तेथें एका माणसाच्या वैतागापायीं एका सायंकाळीं अठरा वाघ गेले.

यांत पोलिसांना दोष देतां येत नाहीं; मनुष्यवस्ती त्यांनीं वांचविली. दोष होता तो तोंपर्यंतच्या बेफिकिरीचा. ओहायो राज्यांत तेव्हां असे प्राणी बाळगण्यावर जवळजवळ कांहींच बंधन नव्हतें. पुढच्याच वर्षीं, २०१२ सालीं, तेथें कायदा झाला. प्रत्येक प्राण्याची नोंद, त्याच्या कातडीखालीं ओळखीची सूक्ष्म खूण, विमा आणि परवाना या गोष्टी सक्तीच्या झाल्या. सर्व देशासाठीं मोठ्या मांजरकुळांतील श्वापदांचा कायदा व्हावयास मात्र डिसेंबर २०२२ उजाडावें लागलें. त्यानें वाघ, सिंह, बिबळे यांची खासगी मालकी बंद केली. आधींचे मालक असतील, त्यांनीं जून २०२३ पर्यंत नोंद करून आपला प्राणी मरेपर्यंत सांभाळावा, पण त्याची पैदास करूं नये आणि नवा आणूं नये, असें ठरविलें. ही तरतूद शहाणपणाची आहे. जुन्या मालकाला चोर ठरविलें नाहीं, म्हणून त्याला रात्रीं दार उघडण्याचें कारण उरलें नाहीं.

आतांपर्यंत आपण दांतांचा आणि नखांचा विचार केला. अजगराची कथा निराळी आहे. ब्रह्मी अजगर हा ब्रह्मदेश, थायलंड आणि त्यांच्या शेजारच्या प्रदेशांतला प्राणी. त्याचीं हातभर लांबीचीं पिलें अमेरिकेंतील दुकानांतून थोड्या पैशांत विकत मिळत. पिलूं शांत असतें, भुंकत नाहीं, आठवड्यांतून एकदां खातें. शहरांतल्या लहान घराला याहून सोयीचा सोबती कोणता? पण अजगर वाढावयाचा थांबत नाहीं. कांहीं वर्षांतच तो दहा फुटांपलीकडे जातो. त्याला उंदीर पुरत नाहींत, ससे लागतात. पेटी पुरत नाहीं, खोली लागते. हा प्राणी वीस वर्षें आणि त्याहूनही अधिक जगतो. हौस मात्र इतकी टिकत नाहीं.

मग काय होतें, तें फ्लोरिडांत दिसलें. तेथें एव्हरग्लेड्स नांवाचा विस्तीर्ण पाणथळ प्रदेश आहे. १९४७ सालापासून तो राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला आहे. कंटाळलेल्या मालकांनीं तेथें अजगर सोडले. १९९२ सालच्या ऑगस्टमध्यें आलेल्या ॲन्ड्र्यू नांवाच्या झंझावातानें अजगरांची पैदास करणारी एक जागाही उध्वस्त केली, आणि तेथूनही प्राणी सुटले असावेत. ऊब, पाणी आणि भक्ष्य यांची तेथें वाण नव्हती. २००० सालच्या सुमारास अजगरांनीं तेथें कायमची वस्ती केल्याचें मान्य झालें. २०१२ सालीं शास्त्रज्ञांनीं रस्त्यांवर रात्रीं दिसणाऱ्या प्राण्यांची जुनी आणि नवी मोजणी ताडून पाहिली. रकून हा प्राणी ९९ टक्क्यांहून अधिक घटला होता. ऑपॉसम जवळजवळ ९९ टक्क्यांनीं. बॉबकॅट हें रानमांजर ८७ टक्क्यांहून अधिक. ससे तर दिसेनासेच झाले होते. अजगरानें तेथें माणसें मारलीं नाहींत, त्यानें एक रान रिकामें केलें.

या कथेंत आपल्या देशाचाही एक धागा आहे. अजगर हुडकून काढणें फार कठीण. चार पावलांवर असला तरी तो दिसत नाहीं. म्हणून २०१७ सालीं फ्लोरिडानें तामिळनाडूंतील इरुळा जमातीच्या दोघां सर्पग्राहींना बोलावून नेलें. पिढ्यान्पिढ्या साप धरणाऱ्या या जमातीची मद्रासजवळ १९७८ सालापासून एक सहकारी संस्था आहे, आणि तिनें काढलेल्या विषापासून आपल्याकडील सर्पविषावरचें औषध तयार होतें. या दोघांनीं थोड्याच आठवड्यांत कितीतरी अजगर शोधून दिले. पण रानांत पसरलेली जात दोघां माणसांच्या विद्येनें नाहींशी होत नाहीं. अजगर आजही तेथें आहेतच.

अमेरिकेच्या केंद्र सरकारनें ब्रह्मी अजगर आणि आणखी तीन मोठ्या सापांची आयात बंद केली, ती जानेवारी २०१२ मध्यें. २०१५ सालीं आणखी चार जाती त्या यादींत घातल्या. हें कार्य १९०० सालच्या लेसी कायद्याखालीं झालें. आपल्याकडे ज्याला ‘बैल गेला आणि झोपा केला’ म्हणतात, त्याचें याहून चपखल उदाहरण मिळणार नाहीं. त्यांतही एक फट राहिली. सर्प पाळणाऱ्यांच्या संघानें दाद मागितली, आणि २०१७ सालीं अपील न्यायालयानें निर्णय दिला कीं, त्या कलमाच्या शब्दरचनेप्रमाणें मुख्य भूमीवरील ४९ राज्यांत एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत साप नेण्यास बंदी होत नाहीं. संघाची तक्रार सर्वस्वीं अवाजवी नव्हती. बर्फ पडणाऱ्या उत्तरेकडील राज्यांत ब्रह्मी अजगर मोकळा जगूंच शकत नाहीं. फ्लोरिडाच्या पापासाठीं तिकडच्या माणसाला शिक्षा कां, असा त्यांचा प्रश्न होता. धोका प्राण्यांत जितका असतो, तितकाच तो जागेंत असतो, हें त्यावरून कळतें.

फ्लोरिडानें मात्र एक गोष्ट चांगली केली. २००६ सालापासून तेथें परदेशी प्राण्यांच्या मालकांसाठीं अभयाची योजना आहे. ज्याला प्राणी नकोसा झाला, त्यानें तो आणून द्यावा. दंड नाहीं, खटला नाहीं. ज्याच्याकडे जागा आणि ज्ञान आहे, अशा दुसऱ्या पालकाकडे तो सोंपविला जातो. मालकाला रानाखेरीज दुसरें दार दाखविलें, हें या योजनेचें मर्म आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. आपल्या आजोबांच्या पिढीला नागाची टोपली घेऊन येणारा गारुडी, अस्वल नाचविणारा दरवेशी आणि माकडवाला हे ओळखीचे होते. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें देशी वन्य प्राणी पकडणें आणि बाळगणें यांवर बंधनें घातलीं. म्हणूनच नाग, अजगर, माकड, चांदणीसारखी नक्षी पाठीवर असलेलें तारा कासव, इतकेंच नव्हे तर कित्येक घरांत ‘मिठू मिठू’ म्हणणारा देशी पोपटसुद्धां आज कायद्यानें पाळतां येत नाहीं. पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांना अजून याची कल्पना नसते.

परंतु या कायद्याची नजर देशी प्राण्यांवर होती. परदेशी प्राण्यांचा प्रश्न त्या काळीं कोणाच्या ध्यानींमनीं नव्हता. संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीं १९७३ सालीं वॉशिंग्टन येथें एक करार झाला. त्यास ‘सायटीस’ या संक्षिप्त नांवानें ओळखतात. भारत त्यांत १९७६ सालीं सामील झाला. मात्र त्यामुळें सीमेवर तपासणी झाली तरी, प्राणी एकदां सीमा ओलांडून आंत आला, कीं त्याला विचारणारा कायदा देशांत नव्हता. दक्षिण अमेरिकेची हिरवी घोरपड म्हणजे इग्वाना, आफ्रिकेंतील लहान अजगर, नाना रंगांचे मकाव पोपट हे शहरांतून विकले जात, आणि कोणाच्या घरीं काय आहे हें सरकारला ठाऊक नसे.

ही उणीव भरून काढण्यास २०२० सालीं आरंभ झाला. त्या वर्षीं जूनमध्यें केंद्र सरकारनें जाहीर केलें कीं, परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनीं सहा महिन्यांच्या आंत स्वतः होऊन माहिती दिली, तर कागदपत्रें मागितलीं जाणार नाहींत. पुढें २०२२ सालीं मूळ कायद्यांत दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली. ‘सायटीस’च्या यादींतील प्राणी आतां आपल्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टांत आले आहेत. त्यांविषयींचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं प्रसिद्ध झाले. ज्यांच्याकडे असा जिवंत प्राणी आधींच होता, त्यांना नोंदीसाठीं सहा महिने दिले होते. नवा प्राणी आल्यास ३० दिवसांत नोंद केली पाहिजे. प्राण्याला पिलें झालीं, तो दुसऱ्यास दिला किंवा मेला, तरी तें कळविलें पाहिजे. ही सारी नोंद ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावरून होते.

या नियमांत पाळण्यास सरसकट मनाई नाहीं, मोजदाद आहे. कांहींना हें अपुरें वाटेल. मला तें योग्य आरंभासारखें वाटतें. कोठल्या घरांत कोणता प्राणी आहे, हें ठाऊक नसलेल्या सरकारची बंदी म्हणजे डोळे बांधून केलेला पहारा. आणि नोंदलेला प्राणी निमूटपणें तळ्यांत सोडतां येत नाहीं; तो कोठें गेला, याचें उत्तर द्यावें लागतें.

तथापि येथें ब्रिटनच्या यादीची खूण आपण आठवली पाहिजे. तेथें यादी धोक्याची होती, म्हणून तींत अजगर आला नाहीं. आपली यादी दुर्मिळतेची आहे, म्हणून तींत उलट उणीव राहिली. ‘सायटीस’ करार प्राण्यांना माणसांपासून वांचविण्यासाठीं आहे, माणसांना प्राण्यांपासून नव्हे. आफ्रिकेंतील काळा मांबा हा जगांतील अत्यंत जहाल विषारी सापांपैकीं एक; पण तो दुर्मिळ नाहीं, म्हणून त्या यादींत त्याचें नांव नाहीं. म्हणजे घरांत मकाव पोपट असेल तर नोंद करावयाची, आणि मांबा असेल तर नोंदीचा हा नियम गप्प. भारतीय न्याय संहितेचें २९१ वें कलम आहे खरें; ताब्यांतील जनावरापासून माणसाच्या जिवास धोका पोंचूं नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्यास त्याखालीं सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. पण तेंही हयगय झाल्यानंतरचें आहे. पिंजरा पाहून परवाना देणारा पशुवैद्य त्यांत नाहीं.

तिसरी बाजू रानाची. परक्या उपद्रवी जातींच्या आयातीवर आणि प्रसारावर बंधन घालण्याचा अधिकार २०२२ च्या दुरुस्तीनें केंद्र सरकारला दिला आहे. त्याची गरज कां आहे, हें मत्स्यपेटीच्या कोणत्याही दुकानांत कळतें. डोळ्यामागें तांबडी रेघ असलेलें अमेरिकन कासव तेथें रुपयाएवढें दिसतें. मुलाच्या हट्टासाठीं तें घरीं येतें, कांहीं वर्षांत ताटलीएवढें होतें, पाणी घाण करतें आणि मग एखाद्या सकाळीं पुण्य समजून देवळाच्या तळ्यांत सोडलें जातें. तेथें तें देशी कासवांचें अन्न आणि ऊन खाण्याची जागा बळकावतें. युरोपीय संघानें या कासवाची आयात १९९७ सालींच थांबविली. फ्लोरिडांतील अजगर सोडणारा आणि तळ्यांत कासव सोडणारा, या दोघांच्या मनांत दुष्टावा नसतो. दोघेही त्याला दयाच म्हणतात.

म्हणून चांगल्या कायद्यानें तीन प्रश्नांचीं उत्तरें दिलीं पाहिजेत असें मला वाटतें. शेजाऱ्याला धोका आहे काय, त्या प्राण्याच्या जातीला धोका आहे काय, आणि सुटल्यास येथल्या भूमीला धोका आहे काय? ब्रिटननें प्रामुख्यानें पहिला प्रश्न विचारला, आपण दुसरा विचारला, फ्लोरिडानें तिसरा विचारला तो उशिरां. तिन्ही प्रश्न एकत्र विचारणारी यादी आपल्याला करावयाची आहे. आणि तिच्या जोडीला, थकलेल्या मालकानें प्राणी निर्भयपणें आणून द्यावा अशी एक जागा प्रत्येक मोठ्या शहरांत असली पाहिजे. तिच्यावांचून कायदा जितका कडक होईल, तितके अधिक प्राणी रात्रीं पिशवींत घालून बाहेर नेले जातील.

कायदा होईल तेव्हां होईल. घरांतल्या वडीलधाऱ्यांना तोंपर्यंत एक गोष्ट करतां येण्याजोगी आहे. मुलानें दुकानांतल्या एखाद्या चिमुकल्या प्राण्यासाठीं हट्ट धरला, तर त्याची किंमत विचारण्यापूर्वीं दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्या. हा वाढून केवढा होतो, किती वर्षें जगतो, आणि आम्हांला नकोसा झाला तर तुम्ही परत घ्याल काय? तिसऱ्या प्रश्नावर दुकानदार हंसला, तर आपलें उत्तर आपल्याला मिळालेंच. तो प्राणी त्या दुकानांतच राहूं द्यावा आणि मुलाला घेऊन रविवारीं राणीच्या बागेंत जावें. तेथें पिंजऱ्याची किल्ली कोणाच्या खिशांत आहे आणि रात्रीं ती कोठें ठेवतात, हें तरी कोणाला विचारतां येतें.